शर्यतीच्या गाडीला पेट्रोल कमी पडते तेव्हा: हौशी स्पर्धकांसाठी इंधनव्यवस्थेची तपासणी

पुण्याहून किंवा मुंबईहून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेपर्यंत गाडी ट्रकवर चढवून न्यायची, सरावाचे पैसे भरायचे, आणि तिसऱ्याच फेरीत लांब वळणातून बाहेर पडताना इंजिनाने मान टाकायची, हा अनुभव नव्या स्पर्धकांपैकी पुष्कळांच्या वाट्याला येतो. त्यानंतर पिटमध्ये जे घडते तेही ठरलेले असते. कोणी प्लग बदला म्हणतो, कोणी कॉइल, कोणी थेट पंप; संध्याकाळपर्यंत तीन नवे भाग बसलेले असतात आणि गाडी त्याच वळणात पुन्हा मिसिंग करते. मी माझ्या जुन्या मारुती एस्टीममध्ये अशाच रीतीने दोन पंप आणि इंजेक्टरचा एक पूर्ण संच बदलला होता. दोष निघाला तो टाकीजवळ, पंपाची अर्थिंगची तार जिथे बॉडीला घट्ट केलेली होती, त्या गंजलेल्या नटाखाली.

म्हणून या लेखातील सगळी पद्धत एका नियमावर उभी केली आहे: ज्या परिस्थितीत दोष दिसतो त्या परिस्थितीत इंधनाचा दाब मोजल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही. उदाहरणासाठी मी सुमारे ८५ अश्वशक्तीचे, १.३ लिटरचे, पोर्ट इंजेक्शनचे (सिलिंडरच्या हवेच्या वाटेत इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) आणि जादा पेट्रोलसाठी टाकीकडे परतीची नळी असलेले इंजिन धरले आहे, कारण आपल्याकडे हौशी शर्यतीत या जातीच्या जुन्या मारुती गाड्या अजूनही भरपूर आहेत. कार्ब्युरेटरच्या किंवा परतीची नळी नसलेल्या नव्या गाड्यांत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

हात लावण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानातही ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत, विशेषतः गॅरेजच्या खड्ड्यात, साचून राहते. त्यामुळे इंधनव्यवस्थेचे काम उघड्यावर किंवा दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा शेडमध्येच करावे, बी वर्गाच्या आगीसाठी असलेला ड्राय पावडरचा किंवा फोमचा अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवावा, आणि तो चालवणारा एक माणूस गाडीजवळ उभा असावा. तारेच्या टोकाला बल्ब लावलेला दिवा गाडीखाली वापरू नये. तो पडून फुटला तर तापलेली तार थेट वाफेत उघडी पडते.

इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब शिल्लक असतो. तो उतरवण्यासाठी पंपाचा फ्यूज काढावा, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, आणखी दोन-तीन सेकंद स्टार्टर फिरवावा, आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. नळी सोडवताना तिच्याभोवती जाड फडके गुंडाळावे व डोळ्यांवर चष्मा असावा. शर्यतीच्या ठिकाणी कॅनमध्ये पेट्रोल भरताना कॅन जमिनीवर ठेवूनच भरावा. गाडीच्या डिकीत गालिच्यावर ठेवलेल्या कॅनला स्थिर विद्युत निघून जायला वाट मिळत नाही, आणि पहिल्या स्पर्शाला उडणारी ठिणगी नेमकी वाफेच्या तोंडाशी उडते.

पहिली पायरी: दोष केव्हा येतो ते लिहून काढणे

हे काम कागदावरचे आहे, म्हणून नवखे स्पर्धक ते टाळतात. पण माझ्या अनुभवात निम्मे निदान इथेच होते. गाडी थंड होती की गरम, टाकीत किती पेट्रोल होते, वळण डावे होते की उजवे, इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर (आरपीएम) होते, थ्रॉटल पूर्ण उघडे होते की अर्धे, आणि पाय काढल्यावर गाडी लगेच सावरली की नाही, एवढ्या सहा गोष्टी प्रत्येक फेरीनंतर लिहाव्यात. चालकाला हेल्मेट काढायच्या आधी विचारावे, कारण पाच मिनिटांनंतर डावे-उजवे आठवत नाही.

टाकी अर्ध्याखाली असताना फक्त एकाच दिशेच्या वळणात इंजिन अडखळत असेल, तर पेट्रोल टाकीत एका बाजूला चढून पंपाचे तोंड उघडे पडत आहे. सरळ रस्त्यावर, पूर्ण थ्रॉटलमध्ये, वरच्या फेऱ्यांवर गाडी हळूहळू ओढ सोडत असेल आणि पाय काढून पुन्हा दाबल्यावर क्षणभर बरी चालत असेल, तर इंजिनाला लागते तेवढे पेट्रोल पुढे पोचत नाही. कारण फिल्टर, पंप, तार किंवा दबलेली नळी यांपैकी काहीही असू शकते. सत्र संपवून दहा-पंधरा मिनिटे उभी केलेली गाडी पुन्हा सुरू होताना त्रास देत असेल, तर उष्णतेने नळीत झालेली वाफ, किंवा दाब धरून न ठेवणारा पंपाचा झडपवजा भाग, किंवा गळणारा इंजेक्टर यांचा विचार करावा. सुरुवातीला उत्तम चालणारी गाडी फेरीगणिक मंदावत गेली आणि टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर टाकीची हवेची नळी बंद आहे. नवा पंप बसवून हा दोष कधीही जाणार नाही. आणि दिवा मालवावा तसे इंजिन एका क्षणात बंद पडत असेल तर बहुधा प्रश्न पेट्रोलचा नसून विजेचा असतो: रिले, फ्यूज, किंवा आपटल्यावर पंप बंद करणारा स्विच.

याच्या उलट बाजूचा दोषही असतो. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि काजळीने काळे झालेले प्लग दिसले तर रेग्युलेटरला (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाला) जोडलेली व्हॅक्यूमची नळी काढून पाहावी. तिच्यात पेट्रोल आढळले तर रेग्युलेटरचा आतला पडदा फाटला आहे. परतीची नळी जॅकखाली चेपली गेली असली तरी हेच लक्षण दिसते.

लॅम्डा मीटर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचे मिश्रण दाखवणारे यंत्र) लावलेल्या स्पर्धकांना एक सावधानतेची सूचना द्यावीशी वाटते. मीटरने मिश्रण पातळ दाखवले म्हणजे पेट्रोल कमी पडले, असे लगेच मानू नये. स्पार्क चुकला तर न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो, सेन्सर तो ऑक्सिजन मोजतो आणि मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. म्हणजे इग्निशनचा दोष लॅम्डाच्या आकड्यात इंधनाच्या दोषासारखा दिसतो. दाबाचा आकडा त्याच क्षणी खाली गेला असेल तरच दोष इंधनाचा. दाब स्थिर राहून लॅम्डा पातळ झाला तर आधी प्लग, कॉइल आणि इंजेक्टरच्या विजेकडे वळावे.

दुसरी पायरी: दाब मोजणे

इंजेक्टरच्या रेलजवळ (सर्व इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीजवळ), फिल्टरच्या पुढे, टी जोड बसवून गेज लावावा. पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढलेली असताना दाब २.५ ते ३.५ बारच्या दरम्यान असतो; आपल्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. नळी जोडून इंजिन आयडलवर चालवले की दाब साधारण अर्ध्या बारने उतरतो आणि थ्रॉटल झटकन उघडले की पुन्हा वर येतो. हे चढउतार दिसत नसतील तर रेग्युलेटर किंवा त्याची नळी तपासावी. परतीची नळी नसलेल्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि दाब आयडलवरही तेवढाच राहतो. त्याला दोष समजू नये. कार्ब्युरेटरच्या गाडीचे प्रमाण पूर्णपणे निराळे आहे. तिथे ०.२ ते ०.३५ बार पुरेसा होतो, आणि इंजेक्शनचा पंप जोडला तर नीडल व्हॉल्व्ह दाब न धरता पेट्रोल ओसंडू देतो.

इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटे गेजकडे पाहत राहावे. दाब झपाट्याने शून्यावर आला तर कुठेतरी तो सुटत आहे. बाहेर गळती नसेल तर पुढच्या वेळी, पंप बंद होताक्षणी, टाकीकडून येणारी नळी मऊ चिमट्याने दाबावी. आता दाब टिकला तर दोष पंपाच्या झडपेत आहे, न टिकल्यास रेग्युलेटरमध्ये किंवा एखाद्या इंजेक्टरमध्ये.

ही सगळी मोजमापे उभ्या गाडीवरची झाली, आणि उभ्या गाडीवर बहुतेक इंधनव्यवस्था निर्दोष दिसतात. आयडलवर इंजिन तासाला जेमतेम लिटरभर पेट्रोल घेते. थकलेला पंपही तेवढे सहज पुरवतो. म्हणून दाब धावत्या गाडीत मोजणे अत्यावश्यक आहे. जुन्या लोकांची रीत अशी की गेजला लांब नळी जोडून तो बॉनेटच्या मागच्या कडेतून बाहेर काढायचा आणि काचेवर वायपरखाली घट्ट बांधायचा, म्हणजे चालकाला तो दिसतो आणि पेट्रोल मात्र केबिनमध्ये येत नाही. सरावात एवढेही चालते, पण चालकाची नजर रस्त्यावरून हलते हा त्यातला मोठा दोष आहे. त्यापेक्षा रेलवर विद्युत सेन्सर बसवून आकडे लॉगरमध्ये नोंदवणे सुरक्षित आणि कितीतरी उपयुक्त. पेट्रोलने भरलेली गेजची नळी केबिनमध्ये आणणे मात्र कोणत्याही सबबीवर करू नये.

आकड्यांचे महत्त्व कळावे म्हणून एक हिशेब देतो. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. तीन बारचा दाब पूर्ण थ्रॉटलमध्ये २.४ बारवर आला तर पुरवठा सुमारे १० टक्क्यांनी घटतो. रस्त्यावरच्या गाडीत चालकाला हे जाणवणारही नाही. शर्यतीत वीस मिनिटे सलग पूर्ण थ्रॉटलवर धावणाऱ्या इंजिनात एवढ्या पातळ मिश्रणाने पिस्टन वितळू शकतो. इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टर अधिक वेळ उघडे ठेवून भरपाई करील असेही धरून चालता येत नाही. मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर फोर स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र सुमारे १७ मिलिसेकंदांत पूर्ण होते, आणि इंजेक्टर १४-१५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त काळ उघडा ठेवावा लागत असेल तर त्याची मर्यादा गाठली गेली आहे.

तिसरी पायरी: पेट्रोल किती येते ते मोजणे

दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवख्याने पक्के लक्षात ठेवावे. बागेतल्या नळीच्या तोंडावर बोट धरले की दाब चांगला जाणवतो, पण बादली भरत नाही.

हौशी शर्यतीच्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण शक्तीवर दर अश्वशक्तीमागे तासाला अर्धा पौंड पेट्रोल लागते, असा जुना ठोकताळा आहे. ८५ अश्वशक्तीसाठी ते सुमारे १९ किलो, म्हणजे २६ लिटर होते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी २८ लिटर धरावे. पंप गरम होतो, फिल्टर भरत जातो, व्होल्टेज घसरते. म्हणून पंपाची क्षमता या गरजेच्या जवळपास दुप्पट असलेली बरी.

मोजण्यासाठी रेग्युलेटरनंतरची परतीची नळी सोडवून ती लांब नळीने धातूच्या डब्यात सोडावी, इंजिन बंद ठेवून पंपाचा रिले जोडतारेने चालू करावा आणि बरोबर ३० सेकंदांनी बंद करावा. पेट्रोल रेग्युलेटरमधून आलेले असल्यामुळे हे माप प्रत्यक्ष कामाच्या दाबाचे असते. आपल्या उदाहरणात अर्ध्या मिनिटात ४०० मिलिलिटरपेक्षा जास्त पेट्रोल मिळाले पाहिजे, कारण ते तासाला ४८ लिटर होतात. कमी भरले तर आधी फिल्टर बदलून पुन्हा मोजावे, मग पंपाचे व्होल्टेज पाहावे, आणि त्यानंतरच पंपाकडे संशयाने पाहावे.

जुना फिल्टर फेकू नये. तो उलटा करून त्यातले पेट्रोल पांढऱ्या ताटलीत ओतावे, मग वाळवून करवतीने कापावा. तपकिरी गाळ हा टाकीचा गंज असतो. काळे मऊ कण म्हणजे नळीचे आतले रबर सुटत आहे. सेफ्टी टाकीतला स्पंज जुना झाला की त्याचे पिवळसर चुरचुरीत तुकडे येतात, आणि पांढरट पूड हे ॲल्युमिनियम गंजत असल्याचे चिन्ह आहे. कापसाचे धागे दिसले तर ते आपणच टाकी पुसताना आत सोडलेले असतात. दोष कुठून सुरू झाला ते अशी कापलेली फिल्टरची पेटी इतक्या स्पष्टपणे सांगते की मी दर हंगामात माझे कापलेले फिल्टर तारीख लिहून जपून ठेवतो.

फिल्टर बसवताना क्रमही सांभाळावा. पंपाच्या आधी जाळीचा, सुमारे १०० मायक्रॉनचा, आणि पंपानंतर इंजेक्शनसाठी सुमारे १० मायक्रॉनचा फिल्टर असावा. बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावला तर पंपाला पेट्रोल ओढताना अडथळा होतो, ओढीच्या बाजूचा दाब हवेच्या दाबाखाली जातो आणि गरम पेट्रोलची तिथेच वाफ होऊ लागते. बाहेरचा पंप टाकीजवळ आणि तिच्या तळाच्या पातळीला बसवण्यामागे हेच कारण आहे: हे पंप ढकलायला समर्थ असतात, ओढायला नाहीत.

चौथी पायरी: पंपाला पोचणारी वीज

माझ्या गाडीचा दोष ज्या पायरीवर सापडला ती ही, आणि तिच्यासाठी लागणारे मल्टिमीटर सगळ्यात स्वस्त आहे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. आता पंप चालू ठेवून, त्याचे कनेक्टर जोडलेलेच ठेवून, मागच्या बाजूने सुया घालून पंपाच्या दोन तारांमधले व्होल्टेज मोजावे. कनेक्टर काढून मोजले तर प्रवाह वाहत नसतो, आणि एका धाग्यावर टिकून असलेली तारही पूर्ण व्होल्टेज दाखवते. बॅटरी आणि पंप यांच्या आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तो कुठे हरवतो ते शोधावे. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी पंपाच्या निगेटिव्ह तारेवर ठेवली की अर्थिंगचा तोटा वेगळा कळतो. माझ्या गाडीत तो एकटाच दीड व्होल्टच्या वर होता. पॉझिटिव्ह बाजू रिले, फ्यूज आणि जोड यांच्या पलीकडे-अलीकडे अशीच मोजत जावी.

शर्यतीसाठी मोठा पंप बसवणारे पुष्कळ जण तार मात्र कंपनीची, तीस वर्षांपूर्वीची ठेवतात. मोठा पंप जास्त प्रवाह घेतो, बारीक तारेत जास्त व्होल्टेज हरवते, आणि सगळा खर्च वाया जातो. बॅटरीपासून जाड तार, बॅटरीला लागूनच फ्यूज, पंपाजवळ रिले आणि घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर अर्थिंग, असे स्वतंत्र जोडकाम करावे. मूळ तार फक्त रिलेला इशारा देण्यापुरती वापरावी. त्याच वेळी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात: इंजिन बंद पडले की पंपही बंद पडला पाहिजे, आणि बाहेरच्या मास्टर स्विचने इंजिन व पंप दोन्ही थांबले पाहिजेत.

वळणात पेट्रोल कुठे जाते

गाडी वळणात १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, बाजूचा जोर निर्माण करते तेव्हा टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. स्लिक टायरवरची साधी हौशी गाडीही या आकड्याजवळ पोचते. टाकीचा आकार पसरट आणि उथळ असल्यामुळे चतुर्थांश भरलेल्या टाकीतले जवळजवळ सगळे पेट्रोल अशा वळणात बाहेरच्या भिंतीवर उभे राहते. दर वर्षी कारी स्पीडवेवर भरणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी आपल्याकडचे अनेक इंजिनिअरिंगचे विद्यार्थी गाड्या बांधतात. फॉर्म्युला स्टुडंटच्या तपासणीत गाडी ६० अंश कलवून गळती पाहतात. तेवढा कल सुमारे १.७ जीच्या वळणाइतका होतो. हौशी स्पर्धकाकडे कलता मंच नसतो, पण हवेच्या नळीतून किंवा झाकणातून पेट्रोल सांडते का, हा प्रश्न त्याने आपल्या गाडीला तेवढ्याच कठोरपणे विचारायला हवा.

निदान सोपे आहे. टाकी पूर्ण भरून त्याच वळणात पुन्हा जावे. दोष गेला तर कारण हेच. शर्यत छोटी असेल तर टाकी भरून धावणे हा तात्पुरता आणि पूर्णपणे सन्मान्य उपाय आहे. वीस-पंचवीस किलोंचे वजन बंद पडलेल्या इंजिनापेक्षा नक्कीच कमी महागात पडते.

कायमचा उपाय म्हणजे सर्ज टँक: दीड ते तीन लिटरची उंच, अरुंद टाकी. मुख्य टाकीतला कमी दाबाचा पंप ती सतत भरतो, आणि जास्त दाबाचा पंप तिच्या तळातून इंजिनाला पेट्रोल देतो. आपले इंजिन पूर्ण शक्तीवर सेकंदाला जवळपास ८ मिलिलिटर पेट्रोल घेते. पाच सेकंदांच्या वळणात ते ४० मिलिलिटर झाले, म्हणजे दीड लिटरची टाकी तीन मिनिटे पुरेल. पण इंजिनाकडून परत येणारे पेट्रोल याच छोट्या टाकीत सोडले तरच हा हिशेब खरा. ते मुख्य टाकीत सोडले तर तासाला १०० लिटरचा पंप दीड लिटर एका मिनिटाच्या आत उपसून टाकतो. नव्या जोडणीतली सर्वात जास्त आढळणारी चूक हीच आहे. सर्ज टँकच्या अगदी वरच्या तोंडातून जादा पेट्रोल आणि हवा मुख्य टाकीकडे गेली पाहिजे. ही टाकी केबिनमध्ये बसवणे भाग पडले तर ती पत्र्याच्या बंद खोक्यात, बाहेर निचरा काढून बसवावी, आणि आपल्या स्पर्धेचे एफएमएससीआयचे (भारतातल्या मोटर शर्यतींच्या नियामक संस्थेचे) नियम त्याविषयी काय सांगतात ते आधी वाचावे.

उष्णता आणि इथेनॉल

पेट्रोल हे एक द्रव्य नसून अनेकांचे मिश्रण आहे, आणि त्यातला हलका भाग उन्हाळ्यातल्या तापमानालाच उकळायच्या बेतात असतो. परतीच्या नळीतून इंजिनाची उष्णता घेऊन आलेले पेट्रोल फेरीगणिक टाकी तापवते. नळी एक्झॉस्टपासून हातभर दूर न्यावी. ते शक्य नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा आणि नळीवर उष्णतारोधक वेष्टण असावे. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारी जाड चकती घालावी. सत्रांच्या मध्ये बॉनेट उघडे ठेवणे आणि टाकीच्या बाजूने गाडी सावलीत लावणे, यांत खर्च नाही आणि फरक दिसतो.

भारतात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि आता तेच सर्वत्र मिळते. शर्यतीतल्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट. पूर्ण थ्रॉटलमध्ये अनेक जुने कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरकडे न पाहता साठवलेल्या आकड्यांवर चालतात, त्यामुळे एकही भाग बिघडलेला नसताना मिश्रण सुमारे ७ टक्क्यांनी पातळ होते. चार वर्षांपूर्वी जुळवलेली गाडी आज तशीच पळवू नये. ती पुन्हा लॅम्डा लावून जुळवून घ्यावी.

पेट्रोलमध्ये नेमके किती इथेनॉल आहे ते घरी पाहता येते. १०० मिलिलिटरच्या मोजपट्टीच्या काचनळीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घालून, झाकण लावून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जाते. खालचा थर १० वरून २८ मिलिलिटरच्या आसपास गेला तर पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल होते. पाणी न घालताच काचेच्या बाटलीत तळाला वेगळा थर दिसला तर त्या पेट्रोलमध्ये आधीच पाणी शिरले आहे. ते सगळे काढून टाकावे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात चार महिने अर्धी टाकी घेऊन उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास होते. हंगाम संपला की टाकी आणि सर्ज टँक रिकामे करावेत.

नळ्यांच्या बाबतीत काटकसर करू नये. इंजेक्शनसाठी एसएई जे३० आर९ छापलेली नळी घ्यावी. आर७ ही कमी दाबाच्या कार्ब्युरेटरसाठी आहे. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेल्या पंपाला यांतली कोणतीही चालत नाही, कारण या नळ्यांचे बाहेरचे आवरण पेट्रोलमध्ये सतत भिजण्यासाठी बनवलेले नसते. ते फुगते, मऊ पडते आणि नळी पंपावरून निसटते. तिथे आर१० लागते, आणि ती महाग असली तरी तळहाताएवढाच तुकडा पुरतो. पट्टीला खाचा असलेल्या साध्या क्लिपा रबर कापतात. कडा गोल वळवलेल्या, इंजेक्शनच्या क्लिपा वापराव्यात. एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटर शर्यत महासंघाच्या) एफटी३ दर्जाची रबरी टाकी असेल तर तिच्यावरची उत्पादनाची तारीख पाहावी: पाच वर्षांनंतर उत्पादकाकडून तपासून प्रमाणित करून घेतल्याशिवाय ती वापरता येत नाही, आणि ती मुदतवाढही दोन वर्षांचीच असते. जुनी एफटी३ टाकी स्वस्तात विकत घेताना हे विसरले जाते.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात

सात दिवस आधी गाडी उचलून टाकीपासून रेलपर्यंत प्रत्येक नळीवरून बोट फिरवावे. रबर वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, बोटाला ओल किंवा वास लागला, किंवा पत्र्याच्या भोकातून जाताना रबराचा ग्रोमेट नसला, तर तो तुकडा त्याच दिवशी बदलावा. फिल्टर नवा घालावा, दाब आणि अर्ध्या मिनिटाचा प्रवाह मोजून वहीत मागच्या आकड्याखाली लिहावा. ४६० मिलिलिटरवरून ४३०, मग ४०५ असा क्रम दिसला तर पंप शर्यतीत बंद पडण्याची वाट न पाहता बदलावा.

आदल्या संध्याकाळी पंप चालू करून दाब चढवावा, गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरावा आणि सकाळी त्यावर डाग आहे का ते पाहावे. पेट्रोल उडून जाते, पण पुठ्ठ्यावर फिकट कडा उरते. सकाळी मास्टर स्विच आणि अग्निशामकाची पिन तपासावी, झाकणाचे रबर बोटाने चाचपावे आणि हवेच्या नळीचे बाहेरचे तोंड मातीने किंवा कीटकाच्या घरट्याने बुजलेले नाही याची खात्री करावी. कुंभारीण माशीला ही नळी फार आवडते.

प्रत्येक सत्रानंतर झाकण उघडताना आवाज ऐकावा, डिपस्टिकने पेट्रोल मोजून किती फेऱ्यांत किती खपले ते लिहावे, आणि इंजिन गरम असतानाच रेलभोवतीच्या जोडांवर टॉर्चचा उजेड टाकावा. गरम असताना पाझरणारा आणि थंड झाल्यावर बंद होणारा जोड याच दोन-तीन मिनिटांत दिसतो, त्यानंतर नाही.